माठाचा निरोप

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरच्या स्टँडावरून जैन मंदिराकडे जाणारा रस्ता जिथे पहिलं वळण घेतो, तिथे कडुनिंबाखाली बदरुद्दीनचं दुकान आहे. दुकान म्हणायचं आपलं. आहे ती टिनाची पडवी. आत एक ऐरण, एक भट्टी, पूर्वी चामड्याचा भाता होता तिथे आता विजेचा पंखा, आणि मागच्या भिंतीला ओळीनं टांगलेले निळे-पिवळे फवारणीचे पंप. एखादा परगावचा यात्रेकरू थांबून विचारतो, "काहो, हे लोहाराचं दुकान की पंपाचं?" बदरुद्दीनला या प्रश्नाचा भारी राग येतो. कारण त्याचं उत्तर त्याला स्वतःलाही नक्की देता येत नाही.

माणूस साठीला टेकलेला, अंगानं वाळका आणि तोंडानं तिखट. खुरपं शेवटायला, म्हणजे झिजलेल्या पात्याला नवं टोक काढायला, आणलेल्या बाईला तो आधी दोन शब्द ऐकवायचा. "निंदाले नेलं होतं का दगड फोडाले?" बायाही काही कमी नव्हत्या. "लोखंडच तुह्यासारखं किरकिरं, बदरूभाऊ," म्हणून त्या पदराआड हसायच्या. मृग लागायच्या आधी तर पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. खुरप्यांचा ढीग, बायांचा कलकलाट, आणि मधोमध घामानं निथळत, सगळ्यांवर डाफरत बसलेला बदरुद्दीन. तेव्हा त्याच्याइतका सुखी माणूस शिरपुरात दुसरा नसेल.

खुरप्यांपेक्षाही त्या पडवीचं मोठं काम होतं ते निरोपाचं. शेतकऱ्याला निंदणाला, म्हणजे तण काढायला, बाया हव्या असल्या तर तो बायांच्या वस्तीत जात नसे. दारात उभं राहून विचारलं की चार जणी चार भाव सांगतात आणि त्यातून भांडण उभं राहतं, हा जुना अनुभव. त्यानं बदरुद्दीनकडे यायचं, कोणतं शेत, कोणता दिवस, किती बाया, एवढं सांगायचं आणि ऐरणीवर एक सुपारी ठेवायची. संध्याकाळी वावरातून परतताना टोळीची पुढारीण रुपाबाई पडवीत डोकवायची, "काई निरोप?" म्हणायची, आणि बदरुद्दीन सुपारी तिच्या हातावर ठेवायचा. सुपारी घेतली की टोळी बांधली गेली. मग दुसरा कोणी जास्त रोज देतो म्हणाला तरी बाया हलत नसत.

पुढे घरोघर फोन आले. पण रुपाबाईच्या घरचा फोन तिच्या लेकाच्या खिशात, आणि लेक ट्रकवर. शिवाय फोनवरून सुपारी देता येत नाही, आणि सुपारीवाचून दिलेला शब्द दोन्हीकडच्यांना कच्चा वाटायचा. म्हणून निरोप पडवीतच येत राहिले. बदरुद्दीननं या कामाचा कधी पैसा घेतला नाही. त्याच्या बापानंही घेतला नव्हता.

बापानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. लोखंड तापल्याशिवाय हात घालायचा नाही, आणि भट्टीपुढे खोटं बोलायचं नाही. भट्टीपुढे खोटं बोललं की पाणी पाजताना, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवताना, ते तडकतं, असं म्हातारा सांगायचा. बदरुद्दीन पाच वक्तांचा नमाजी, गंड्या-ताईताला तो हसतो. पण ही एक गोष्ट त्यानं कधी तपासून पाहिली नाही. उगाच कशाला विषाची परीक्षा!

तणनाशक काही बदरुद्दीननं आणलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ते आलं ते सगळीकडेच आलं. सोयाबीन वीतभर वाढलं की एक माणूस पाठीवर पंप घेऊन दिवसभरात जेवढं रान मारतो, तेवढं निंदायला टोळीला कंबर मोडावी लागायची. खुरपी कमी येऊ लागली. एक दिवस कोणी तरी बिघडलेला पंप घेऊन आला, बदरुद्दीननं तो दुरुस्त केला. मग दुसरा आला. मग त्यानं दोन-चार पंप भाड्यानं द्यायला म्हणून स्वतःच घेतले. धाकटी इफ्रा वाशीमला नर्सिंग शिकत होती, आणि खुरप्याच्या धारेवर नर्सिंग होत नाही. इथवर बदरुद्दीनचं काही चुकलं असं कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

चुकलं ते जानरावच्या वेळी. जानराव म्हणजे शिवारातला बऱ्यापैकी जमिनीचा धनी. मनानं सरळ, बोलायला अघळपघळ. दोन पावसाळ्यांपूर्वी आषाढात तो सुपारी घेऊन आला तेव्हा टोळी खरोखरच दुसरीकडे बांधलेली होती. बदरुद्दीननं तसं सांगितलं. जानराव हवालदिल झाला, आणि भिंतीवरचे पंप घेऊन गेला. पुढच्या वेळी तो पुन्हा आला, सुपारी खिशातून काढली, आणि विचारलं, "बदरू, बाया भेटतीन का परवा?"

बाया परवा मोकळ्या होत्या. बदरुद्दीनला ते ठाऊक होतं. पण भिंतीवर पंपही मोकळेच होते. तो 'भेटतीन' म्हणणार होता, अगदी ओठावर आलं होतं. त्याऐवजी तो हातातला हातोडा ठेवून उठला, जानरावच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर कडुनिंबाखाली घेऊन गेला, आणि तिथे उभा राहून म्हणाला, "बाया काई मोकळ्या नाही, पाटील. आठ-दहा दिवस तं नाहीच."

मग आत येऊन त्यानं अर्धवट राहिलेलं पातं पाण्यात बुडवलं. चर्र आवाज झाला, वाफ निघाली. पातं तडकलं नाही. तडकलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं.

पहिलं खोटं जड जातं, दुसरं सोपं. ज्याचं रान मोठं, ज्याला पंप जास्त दिवस लागणार, अशा शेतकऱ्याला बदरुद्दीन कडुनिंबाखाली न्यायचा. बाकीच्यांच्या सुपाऱ्या, आणि पंप सगळे बाहेर गेले असले तर मोठ्यांच्याही, तो इमानानं पोचवायचा. पण मोठ्या रानाच्या धन्याचं पाहूनच बाकीचे चालतात. 'शिरपुरात बाया भेटत नाही' ही गोष्ट पारावर गेली, पारावरून हॉटेलात, हॉटेलातून आजूबाजूच्या खेड्यांत. आणि मग बदरुद्दीननं काही बोलायची गरजच राहिली नाही. कोणी विचारायलाच येईना. रुपाबाई रोज संध्याकाळी डोकवायची.

"काई निरोप?"

"नाही वं, रुपाबाई."

हे तो भट्टीपुढेच म्हणायचा, कारण हे खरंच होतं. सुपारी तर त्यानं घेतलेलीच नसायची. असा हिशेब त्यानं मनाशी बसवला होता. पण ते म्हणताना तो कानस घेऊन एखादं पातं घासत बसायचा आणि मान वर करायचा नाही. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते असं.

आणि भिंतीच्या खिळ्याला, पंपांच्या शेजारी, वच्छलाचं खुरपं टांगलेलं होतं. वच्छला ही टोळीतली डावखुरी बाई. तिचं पातं उलट्या अंगाला वळवावं लागायचं, म्हणून तिचं खुरपं दुसऱ्या कोणाच्या हाताला बसत नसे. जीभ तर अशी, की तिच्यापुढे बदरुद्दीनसुद्धा गप्प. गेल्या वर्षी निंदणाच्या ऐन दिवसांत तिनं ते शेवटायला टाकलं आणि परत न्यायला आलीच नाही. ती इंझोरीला भावाकडे गेली, असं कानावर आलं. बदरुद्दीन म्हणाला, गेली असेल. त्यानं अधिक विचारलं नाही. विचारायची त्याला भीती वाटायची, आणि भीती कशाची हे तो मनातसुद्धा बोलत नसे.

यंदा आषाढात निकिता आली. वाशीमची मुलगी, अकोल्यात शिकलेली, एका संशोधन संस्थेकडून गावोगाव फिरत होती. शेतात माणसाची गरज किती उरली, कोणाचं काम गेलं, कोणाला कुठे नवं मिळालं, हे तिला समजून घ्यायचं होतं. पडवीत सगळ्यांचीच ये-जा, म्हणून ती दुपारची तिथेच बाजेवर बसायची. बदरुद्दीनला चाचा म्हणायची. पोरगी गोड होती, इफ्राच्याच वयाची, आणि तिच्याशी बोलताना बदरुद्दीनचं तोंड आपोआप मवाळ व्हायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं पेनाचं टोपण दातांत धरलं आणि म्हणाली, "चाचा, एक कोडं काही सुटत नाहीये मला. शेतकऱ्यांना विचारलं की म्हणतात, बाया मिळत नाहीत म्हणून आम्ही फवारतो. बायांना विचारलं की म्हणतात, आम्ही घरी बसून आहोत, कोणी बोलवतच नाही. गाव एक, शिवार एक. दोघंही खोटं बोलताना दिसत नाहीत. मग मधे कुठे काय अडकतं?"

मधे काय अडकतं ते तिच्यासमोर ऐरणीवर हात ठेवून बसलं होतं.  बदरुद्दीन खोकला, उठला, म्हणाला, "इथं लय धूर हाये, बेटी. चाल, च्या घेऊ."

समोरच्या टपरीवर, कप हातात आल्यावर, तो म्हणाला, "असं हाये, बायांलेच आता काम नको वाटते. रेशनचं धान्य भेटते, खात्यात पैसे येते. चिखलात कायले मरतीन?"

हे वाक्य त्याचं नव्हतं. पारावर तंबाखू मळत बसलेली माणसं दिवसभर हेच बोलतात. त्यानं ते आयतं उचललं आणि पोरीच्या हातात ठेवलं. निकितानं मान हलवली आणि लिहून घेतलं. बदरुद्दीननं अर्धा चहा ओतून दिला. शेतकऱ्याशी खोटं बोलला तेव्हा त्यानं बायांचं काम नेलं होतं. आता त्यानं त्यांना आळशी ठरवलं होतं, आणि तेही लिहिलं गेलं होतं.

त्या रात्री अख्तरीनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. अख्तरी त्याची बायको, घर पडवीला लागूनच. कमी बोलते, पण बोलली की वर्मावर. घरात त्यांची बोली उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी.

"आज उस बच्ची को बाहर काहून ले गये?" तिनं विचारलं.

"धुवा था."

"धुवा." अख्तरीनं भाकरीचा तुकडा मोडला. "जानराव आया तो भी धुवा रहता. तुम भट्टी छोडके उठे की मैं समझ जाती. पूरी जिंदगी मैंने तुमको भट्टी के सामने झगडते देखा. झूट बोलते नहीं देखा."

बदरुद्दीननं हात धुतला. तीस वर्षांच्या संसारात त्याला वाटायचं, बापाची ती भट्टीची गोष्ट आपल्यालाच ठाऊक आहे. अख्तरीपासून काही लपवणं म्हणजे सुपानं सूर्य झाकणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकिता आली ती हसत आली. "चाचा, तुम्ही काल म्हणालात ते मी वस्तीत बोलले नाही हं. बोलले असते तर बायांनी मला निंदून टाकलं असतं." मग ती बाजेवर बसली आणि गंभीर झाली. "पण रुपाबाई वेगळंच सांगतात. त्या म्हणतात, आमचं काम एका बाईच्या जिभेनं गेलं."

"कोणाच्या?"

"वच्छला म्हणून कोणी होत्या. गेल्या पावसाळ्यात जानरावांच्या शेतात प्यायचं पाणी संपलं, तर जानराव म्हणाले, त्या ड्रमातलं घ्या. तो ड्रम फवारणीचा. वच्छलाबाई त्यांना बांधावर उभं करून काय वाट्टेल ते बोलल्या आणि सगळ्यांना घेऊन अर्ध्या दिवसात निघून आल्या. त्यानंतर जानरावांनी बोलवणं बंद केलं, आणि त्यांचं पाहून बाकीच्यांनी. असं टोळीचं म्हणणं. रुपाबाईंनी वच्छलाबाईंना टोळीतून काढलं. बाया त्यांच्याशी बोलेनात. नळावरसुद्धा कोणी त्यांच्या शेजारी घागर लावेना. शेवटी त्या गाव सोडून भावाकडे इंझोरीला गेल्या."

बदरुद्दीनच्या हातातली सांडशी गळून पडली. तापलेलं लोखंड मातीत जाऊन पडलं आणि तिथेच काळं होत गेलं. त्यानं ते उचललं नाही.

कारण जानराव आला होता. त्या भांडणानंतर दोन-तीन दिवसांनीच, ओशाळं हसत, हातात सुपारी घेऊन. म्हणाला होता, "बदरू, त्या डावखुऱ्या बाईनं माह्यी लाज काढली गड्या, अन् खरंच हाये तिचं. मी काई ध्यानात नाही घेतलं. नवा माठ आणला वावरात, वरून झाकण बी. तिले सांग, पाणी प्याले ये म्हणा. साऱ्या बायांले पाठव." असा तो निरोप. आणि बदरुद्दीननं त्याला खांद्यावर हात ठेवून कडुनिंबाखाली नेलं होतं. बाया मोकळ्या नाहीत, पाटील. जानराव घाईत होता. सुपारी त्यानं ऐरणीवरच ठेवली होती, ती परत न्यायचं विसरला. बदरुद्दीननं ती रिबिटांच्या डब्यात टाकली. मालक कामाला बोलवत होता, शिवाय माफी मागत होता, आणि ते दोन्ही या डब्यात पडून राहिलं.

"चाचा? बरं नाही वाटत का?"

बदरुद्दीन उठला नाही. भट्टीसमोर मांडी घालून होता तसाच बसून राहिला.

"कालचं मी बोललो ते खोड, बेटी."

"कोणतं?"

"बायांले काम नको म्हणून. बाया मोकळ्या होत्या. सारा वखत मोकळ्या होत्या. शेतकरी विचाराले येत होते, अन् मी सांगत होतो, बाया नाही. माह्ये पंप जावो म्हणून." तो थांबला.  "तुह्या कोड्याचं उत्तर मी हाओ."

निकिताचं पेन हातातच राहिलं.  मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "चाचा, मी जिल्ह्यातली बरीच गावं फिरले. तिथे कोणी निरोप अडवत नव्हतं, तरी निंदणाचं काम निम्म्यावर आलंय. हे तुमच्या एकट्यामुळे झालेलं नाही. थोडं आधी झालं असेल, इतकंच."

पोरीनं मोठ्या मनानं दोर टाकला होता. धरला असता तर बदरुद्दीन वर आला असता. दोन वर्षं तो स्वतःला हेच तर सांगत होता.

"ते तुह्या जिल्ह्याचं," तो म्हणाला. "वच्छला जिल्ह्यानं नाही काढली गावातून. मी काढली."

त्यानं डबा उपडा केला. रिबिटांच्या, खिळ्यांच्या ढिगातून ती सुपारी शोधली, शर्टाला पुसली आणि खिशात टाकली. भिंतीवरचं डावखुरं खुरपं काढलं. वर्षाचा गंज होता. ते त्यानं तापवलं, टोक काढलं, धार लावली, पाणी पाजलं. हे सगळं करेपर्यंत निकिता तिथेच बसून होती, आणि त्यानं तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मग तो आयुष्यात पहिल्यांदा बायांच्या वस्तीत गेला. रुपाबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. दारात लोहार पाहून ती उठली, तिचा चेहरा उजळला. "निरोप आला का, बदरूभाऊ?"

तेवढ्यानं त्याचा धीर खचला. निरोप आलाच असेल, नाहीतर बदरूभाऊ स्वतः कशाला येईल, इतका तिचा भरवसा. त्यानं उभ्या-उभ्याच सांगितलं. सगळं, कडुनिंबापासून माठापर्यंत. काही गाळलं नाही. सांगून झाल्यावर तो खाली मान घालून उभा राहिला, आणि शिव्यांची वाट पाहू लागला. रुपाबाईच्या तोंडून शिव्या आल्या असत्या तर त्या त्याला पावसासारख्या वाटल्या असत्या.

रुपाबाई शिव्या द्यायचं विसरली. ती भिंतीला धरून खाली बसली.

"मी तिची जोडीदारीण," ती म्हणाली. "लग्न होऊन आली तईपासून वावरात तिची पात अन् माह्यी पात बाजूबाजूनं. मी तिले म्हटलं, तुह्या तोंडानं आमच्या लेकराईच्या तोंडचं गेलं. माह्या दारात नको येऊ म्हटलं, बदरूभाऊ. अन् ती एक शब्द नाही बोलली. वच्छला! एक शब्द नाही बोलली."

"गुन्हा माह्या हाये, रुपाबाई."

"तू पंपासाठी केलं. मी कायच्यासाठी केलं?" रुपाबाईनं डोळे पुसले नाहीत. "मले एकदा जानरावले इचारता नसतं आलं? तोंड होतं ना मले."

 त्यानं आणलेला गुन्हा तिनं अर्धा आपल्या ओटीत घेतला होता, आणि त्यामुळे त्याचा मात्र तीळभरही कमी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं इंझोरीला निघाली. मालेगाववरून वाशीम, वाशीमला गाडी बदलून मंगरूळपीर, आणि पुढे. रुपाबाई खिडकीला, बदरुद्दीन दोन बाकं मागे. दोन्ही बाजूला सोयाबीन हिरवंगार पसरलेलं. पाठीवर पंप घेतलेला एखादा माणूस तासातून सरळ चालत जाताना दिसायचा. पूर्वी या दिवसांत रानात लुगड्यांची रांग दिसायची, आणि गाडी गेली की बाया मान वर करून पाहायच्या. आता गाडीकडे पाहायलाही रानात कोणी नव्हतं. मांडीवरच्या फडक्यातलं खुरपं बदरुद्दीनला जड होत चाललं होतं.

भावाचं घर सापडायला त्रास झाला नाही. भावजय दारात होती. शिरपूरची माणसं म्हटल्यावर तिनं पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली, आणि पाहुण्यांपुढे नणंदेचं कौतुक केलं. "लय गरीब बाई हो आमच्या वच्छलाबाई. दिवसभर काम करते, तोंडातून शबूद म्हणून काढत नाही. चार लोकाईत बी खाली मान. अशी नणंद भेटाले नशीब लागते."

बदरुद्दीननं पाण्याचा गिलास तसाच खाली ठेवला. ज्या बाईला उत्तर द्यायला अख्ख्या शिरपुरात कोणी नव्हतं, तिच्याबद्दल ही बोलत होती.

मागच्या अंगणातून वच्छला आली. हात राखेनं भरलेले, भांडी घासत असावी. वाळली होती. रुपाबाईला पाहून ती जागच्या जागी थबकली, मग पुढे आली, आणि कोणी काही बोलायच्या आत खाली वाकली. रुपाबाईच्या पायाला तिनं हात लावलासुद्धा.

"रुपा, माह्यं चुकलं," ती म्हणाली. आवाज ओळखू येऊ नये इतका बारीक झाला होता. "मी जानरावच्या बी पाया पडते. तू म्हणशीन तशी चूप राहीन. मले घेऊन चाल बाई."

रुपाबाईनं तिला धरून बसवलं. मग तिनं बदरुद्दीनकडे पाहिलं. आता बोलायचं होतं ते त्यालाच. इथे भट्टी नव्हती. खोटं बोलायला इथे काही अडचण नव्हती. जानरावचा राग गेला, चाल, एवढं म्हटलं असतं तरी वच्छला आनंदानं उठून आली असती, आणि भावजयीपुढे त्याचीही अब्रू राहिली असती. हा विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि आला याचीच त्याला शिसारी आली.

त्यानं खिशातली सुपारी काढून सतरंजीवर ठेवली. शेजारी खुरपं ठेवलं.

"वच्छलाबाई, जानरावचा निरोप हाये. वावरात नवा माठ आणला त्यानं, झाकणाचा. म्हणे त्या बाईचं खरं होतं, माह्यी चूक झाली, तिले पाणी प्याले बोलाव. साऱ्या टोळीले बोलाव."

वच्छलाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला. "कई म्हटलं? आता?"

"नाही." बदरुद्दीननं सुपारी तिच्याकडे सरकवली. "गेल्या साली. तुमी भांडून आल्या, त्याच्या दोन-तीन दिवसानं. त्याले राग आलाच नव्हता. बाया मोकळ्या नाही म्हणून मी त्याले परत लावलं, माह्ये पंप देल्ले, अन् निरोप दाबून ठेवला. तुमचं काईच चुकलं नव्हतं, बाई."

भावजय एकदा बदरुद्दीनकडे, एकदा नणंदेकडे पाहत राहिली. रुपाबाई तोंडाला पदर लावून बसली होती. वच्छलानं राखेचा हात लुगड्याला पुसला आणि डाव्या हातानं खुरपं उचललं. मूठ तिच्या पंजात पूर्वी बसायची तशी बसली. तिनं धारेवरून अंगठा फिरवला. आता ती बोलेल, पूर्वीसारखी बोलेल, आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करील, म्हणून बदरुद्दीन वाट पाहत राहिला. त्याला ते हवं होतं.

पण तिनं आवाज चढवला नाही. ती त्याच बारीक आवाजात, खरंच समजून घ्यायचं आहे अशा तऱ्हेनं, त्याला विचारू लागली.

"मंग बदरूभाऊ, वरीसभर मी रोज सकाळी देवापाशी माफी मांगून राह्यली होती, ते कायची?"